खोलीतलं बोलणं

पदू दारू पिऊन मेला, हे टेपाच्या वाडीत आता कुणी वाईट मनाने म्हणत नसे. बिबट्याने शेळी नेली, विहिरीचं पाणी खाली गेलं, तसंच तेही बोलण्यात येऊन जाई. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात चाळीस घरांची वाडी. तिथला पदू दरवडा बदलापूरच्या एका केमिकल फॅक्टरीत कंत्राटदाराच्या माणसांबरोबर टाकी साफ करायला गेला, आत उतरला आणि बाहेर आला तो चौघांनी ओढून काढलेला. फॅक्टरीच्या अहवालात लिहिलं होतं, की कामगाराच्या तोंडाला दारूचा वास येत होता, त्याला मनाई केली होती, तरी तो ऐकला नाही.

त्याची बायको तानी दर वेळी म्हणायची, "त्या दिवशी नाय प्याला व्हता तो."

आणि त्या 'त्या दिवशी'मुळेच तिचं कुणी खरं धरत नसे. कारण पदू प्यायचा. हळदीला प्यायचा, बारशाला प्यायचा, आणि चढली की वाडीतली पोरं खांद्यावर घेऊन नाचायचा. हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्या मंगळवारी तो कोरा चहा पिऊन, भाकरी नि बोंबलाची चटणी बांधून घेऊन डोंगर उतरला, हे पाहिलेलं फक्त तानीने.

पदूच्या पोटातले नमुने तपासायला गेले होते. चौदा महिन्यांनी उत्तर आलं, की नमुना तपासण्याच्या स्थितीत राहिलेला नाही. फॅक्टरीचे सेफ्टी ऑफिसर शशिकांत गुप्ते यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची केस उल्हासनगरच्या कोर्टात उभी राहिली आणि तारखा पडत राहिल्या. तानी सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगांचे जिने पुसायची. तारीख असली की खाडा करून कोर्टात जायची, बाकड्याच्या कडेला बसायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. तीन वर्षांत तिला तिथे कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

तिसऱ्या वर्षी प्रगती आली. उल्हासनगरची मुलगी, समाजकार्य शिकलेली, एका संस्थेत कामाला. स्कूटी खाली ठेवून ती डोंगर चढून आली, ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तानीताई, गुप्त्यांना तुम्हाला भेटायचंय."

"कशाला?"

"आमची संस्था ज्याचं नुकसान झालं आणि ज्याच्या हातून झालं, अशा दोघांना समोरासमोर बसवते. त्यांनी जे केलं ते कबूल करायला ते तयार आहेत, म्हणूनच मी आलेय. पण तुमची इच्छा असेल तरच. नाही म्हणालात तर मी हा डोंगर पुन्हा चढणार नाही."

तानी भात पाखडत होती. तिचा हात थांबला नाही. "म्हंजे माफी मागनार, नि मी देयाची."

"नाही. माफ करायलाच हवं असं कुठेही नाही. तुम्ही शिव्या दिल्यात तरी चालेल. आणि केस मागे जात नाही. ती सरकारची केस आहे, ती चालूच राहते."

"मंग मला काय भेटनार त्यातून?"

प्रगती म्हणाली, "तुम्हाला विचारता येईल. कोर्टात तुम्ही फक्त उत्तरं द्यायची असतात. इथे तुम्ही विचारायचं आणि त्यांनी सांगायचं."

तानीने त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. उत्तर तिने पंधरा दिवसांनी दिलं, तेही मीनामुळे. मीना तिची मुलगी, सहावीत. शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, दारू काय करते त्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, ते आपल्याच परिसरात आहे. सगळा वर्ग मान वळवून मीनाकडे बघायला लागला. मीना घरी आली ती बोलली नाही, रडली नाही. दप्तर टाकून मागच्या अंगणात लाकडं फोडत बसली. ही गोष्ट तानीला शेजारच्या पोरीकडून कळली. दुसऱ्या दिवशी सोनिवलीला पोचल्यावर तिने बिल्डिंगच्या वॉचमनकडून प्रगतीला फोन लावून घेतला.

खरा विरोध घरातून झाला. करण हा पदूचा धाकटा भाऊ, तिशीचा, दोन लेकरांचा बाप. तो म्हणाला, "वहिनी, हा समझोता हाय."

"समझोता नाय. ती बाय सांगून गेली."

"दोन पार्ट्या बसतात, मधी तिसरा बसतो, कागद व्हतो. त्याला दुसरं काय म्हनतात?"

"तू ये ना संगती. तू बी ऐक."

"ज्यानं माझा भाव मारला त्याच्या समोर बसून चहा पिऊ? मी नाय येनार. नि तू गेलीस तर लोकं इचारतील, किती घेतलं. तवा मला सांगू नको."

कोर्टाच्या आवारात सरकारी वकिलांना तिने विचारलं, तर ते चालता चालता म्हणाले, "अहो, हे पोरांच्या भांडणात, किरकोळ चोरीत ठीक असतं. माणूस मेलेल्या केसमध्ये संवाद कसला करता?" सोनिवलीत, ज्यांच्या मजल्याचा जिना ती पुसायची त्या ओवी मॅडमना कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "किती मोठं मन गं तुझं! माझ्याच्याने नसतं झालं बाई माफ करणं." मी माफ कराया नाय चालले, असं तानी म्हणाली, पण तोवर मॅडमनी फोनवर कुणाला तरी ते सांगायला सुरुवातही केली होती.

प्रगतीने भेटीच्या आधी एक कागद वाचून दाखवला. खोलीतलं बोलणं दोघांच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नाही. "मीसुद्धा सांगणार नाही, ताई. कोर्टाने विचारलं तरी. तसं नसेल तर समोरचा माणूस तोंडच उघडणार नाही. हे नीट समजलं ना?"

तानी हो म्हणाली आणि नावाची सही केली. समजलं होतंच. पण तिच्या मनात वेगळाच हिशेब होता. एकदा त्याच्या तोंडून निघालं, की निघालं. मग ते पुन्हा आत कोण घालणार?

कुळगावात एका वाचनालयाच्या वरची खोली होती. रविवारी सकाळी तिथे चार खुर्च्या गोल मांडल्या होत्या, मध्ये टेबल नव्हतं. गुप्ते आधीच येऊन बसले होते. कोर्टात ते तिला लांबून दिसायचे, तेव्हा उंच वाटायचे. इथे जवळून पाहिलं तर खांदे पडलेला, दाढीचे खुंट पांढरे झालेला माणूस. शेजारी त्यांच्या पत्नी, कुंदाताई. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून साडीचं पुठ्ठ्याचं खोकं डोकावत होतं.

बोलायला आधी त्यांनीच सुरुवात केली. "ह्यांना तीन वर्षं झोप नाही हो. वकील म्हणाले, जाऊन हात जोडून या, पुढे शिक्षेच्या वेळी त्याचा उपयोग होतो. पण आम्ही तेवढ्यासाठी नाही आलो. तुम्ही एकदा मनातून काढून टाकलंत, की..."

"मी माफ कराया नाय आले," तानी म्हणाली.

"कुंदाताई," प्रगती हळूच म्हणाली, "आज तानीताई विचारणार आहेत."

तानीने तीन वर्षं मनात प्रश्न रचले होते. इथे आल्यावर त्यातला एकच राहिला. "तो प्याला व्हता का?"

गुप्ते आपल्या हातांकडे बघत राहिले. बाहेर खाली कुणीतरी गाडी काढत होतं, तिचा रिव्हर्सचा आवाज चालू होता. तो थांबल्यावर ते म्हणाले, "नाही."

कुंदाताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"वास वगैरे काही नव्हता. संध्याकाळी वरून फोन आला, अहवालात असं लिहा म्हणून. मी लिहिलं. माझ्या अक्षरात आहे ते." "टाकीत उतरायच्या आधी मीटरने गॅस बघायचा असतो. कमरेला दोर बांधायचा असतो, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा असतो. मीटर दुरुस्तीला गेला होता. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. तो उतरताना मला म्हणाला, 'साहेब, डोळं चुरचुरतायत.' मी म्हटलं, तोंड फिरव नि उरकून घे."

"अजून काय म्हनला?"

"आतून एकदा हाक मारली. मला नाही. 'तानी' अशी."

तानीने पदर तोंडात कोंबला. प्रगतीने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही. मग ती नीट बसली आणि म्हणाली, "हे वाडीत येऊन सांगाल? पयलं, ते. तो प्याला नव्हता एवढंच. बाकी नका सांगू."

गुप्त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीकडे बघत होती. "येईन," ते हात जोडून म्हणाले.

प्रगतीने तिथल्या तिथे कागद केला: पुढल्या रविवारी सकाळी दहा वाजता श्री. गुप्ते वाडीत येऊन घटनेबद्दल ग्रामस्थांशी बोलतील. दोघांच्या सह्या झाल्या. निघताना कुंदाताईंनी साडीची पिशवी पुढे केली आणि तानीने हात मागे घेतला. खाली उतरल्यावर गुप्त्यांनी जोरात श्वास सोडला. खूप लांबून डोक्यावर आणलेला भारा उतरवल्यावर माणूस सोडतो तसा. तानीला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्याही अंगातून काहीतरी उतरलं होतं. त्या आठवड्यात ती जिने पुसताना एकदा गुणगुणली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाली.

रविवारी सासूने, रखमाने, समाजमंदिराचं अंगण शेणाने सारवलं. म्हातारीला गुडघ्यांनी बसवत नव्हतं, तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. "माझ्या पोराचं नाव साफ व्हनार हाय," म्हणाली. दहा वाजता वाडी जमली. बाया पोरं घेऊन आल्या, म्हातारे भिंतीला टेकून बसले. करण लांब, बांधावर उभा राहिला; पण उभा राहिला. मीनाने केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या.

साडेअकराला पायवाटेवर प्रगती दिसली. एकटी.

ती वर आली तेव्हा घामाने भिजली होती. "ते येत नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्या वकिलांनी मनाई केलीय. केस चालू असताना लोकांपुढे बोललात तर स्वतःच्या गळ्याला फास लावाल, असं सांगितलंय. मी कालपासून त्यांच्या दारात होते, ताई."

रखमा काठी टेकत उठली आणि प्रगतीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, तो बोलला व्हता ना? तू व्हतीस ना तिथं?"

"होते, आजी."

"तू ऐकलंस ना तुझ्या कानांनी?"

प्रगतीने कपाळाचा घाम पुसला.

"मंग तूच सांग. एवढी मान्सं बसलीत. माझा पदू प्याला व्हता का नव्हता, सांग."

प्रगतीने तानीकडे पाहिलं. तानीनेही मान हलवली, सांग म्हणून. पण दोघांपैकी एकाचीच परवानगी होती ती. "आजी," प्रगती म्हणाली, "मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"कुनाला?"

"दोघांनाही."

भिंतीला टेकलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, "मंग बोललाच नसंल." आणि ते वाऱ्यासारखं सगळ्या अंगणात फिरलं. तानी उभी राहून सांगू लागली, तो असं म्हणाला, त्याच्या अक्षरात आहे म्हणाला, मीटर नव्हता म्हणाला. लोक ऐकत होते. कुणी तिला खोटं म्हटलं नाही. त्यांच्या तोंडावर फक्त कीव होती. नवऱ्यासाठी बायको असं बोलणारच, अशी. माणसं एकेक करून उठली. करण बांधावरून उतरून निघून गेला. रखमा सारवलेल्या अंगणात तशीच बसून राहिली.

पुढल्या महिन्यात तानीची साक्ष निघाली. तिने ठरवलं होतं, कागद असो नसो, सांगायचं. सरकारी वकिलांनी विचारलं त्याची उत्तरं तिने दिली आणि शेवटी न विचारताच म्हणाली, "साहेब स्वतः माझ्यासमोर बोलले, की माझा नवरा प्याला नव्हता." सरकारी वकिलांनी एकदा मान वर केली. हे त्यांच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

गुप्त्यांचे वकील दिनानाथराव उठले. वयस्कर, मऊ बोलणारे. "ताई, तुम्ही माझ्या अशिलांना कुळगावात भेटलात?"

"व्हय."

"त्यांनी तुमच्यापुढे हात जोडले? दुःख व्यक्त केलं?"

"व्हय. पन..."

"तुम्ही स्वतःच्या खुशीने गेलात. कुणी जबरदस्ती केली नाही. म्हणजे तुमच्यात आता वैर राहिलेलं नाही, बरोबर?"

"वैर नाय, पन खरं..."

"ही सही तुमची?" त्यांनी कागदाची प्रत पुढे केली. "यात लिहिलंय, तिथलं बोलणं बाहेर सांगणार नाही. आज तुम्ही ते सांगताय. म्हणजे एक तर तुम्ही दिलेला शब्द मोडताय, नाहीतर जे घडलंच नाही ते सांगताय. तुमच्यासोबत घरचं कुणी होतं?"

"नाय. दिराला बोलवलं व्हतं..."

"आले नाहीत. ठीक आहे. मी तुम्हाला सांगतो, असं काहीही माझे अशील बोलले नाहीत."

तानीने आरोपीच्या बाकड्याकडे पाहिलं. गुप्ते बुटांकडे बघत होते. मागच्या रांगेत कुंदाताई होत्या. क्षणभर नजर भिडली, आणि त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. न्यायाधीशांनी तानीचं म्हणणं लिहून घेतलं. प्रगतीला साक्षीला बोलवावं असं कुणालाच वाटलं नाही.

निकाल उन्हाळ्यात लागला. गुप्ते सुटले. निकालपत्रात एक वाक्य होतं, की मृत कामगार नशेत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सरकारी वकिलांनी ते तानीला मराठीत समजावून सांगितलं. आता ते फॅक्टरीच्या नव्हे, कोर्टाच्या कागदावर होतं.

बाहेर व्हरांड्यात गुप्ते तिच्याजवळ आले. चेहरा भरला होता, दाढी गुळगुळीत होती. "तानीबाई," ते हात जोडून मनापासून म्हणाले, "त्या दिवशी आपण बोललो, ते माझ्यासाठी फार मोठं होतं. तेव्हापासून मला झोप लागते. कोर्टाचं काय, ते वकिलांचं काम असतं." त्यांना खरंच वाटत होतं, की त्या दोघांमधला व्यवहार कधीच पुरा झाला. तानी बाजूला झाली आणि ते जिना उतरून गेले.

पंधरवड्याने प्रगती वाडीत आली. संस्थेने हे काम थांबवलं होतं, तिने नोकरी सोडली होती. ओटीवर बसून ती म्हणाली, "ताई, मी तुमच्याशी खोटं नाही बोलले."

"नाय बोललीस," तानी म्हणाली. "तू सगळं सांगितलं व्हतंस. परत्येकानं ऐकलं आपापलं. मी बी."

"तुम्ही कुणालाही सांगितलंत तरी आता माझी काही हरकत..."

"कुनाला सांगू? नि काय म्हनून?"

प्रगती खूप रडली. तानीने तिला चहा करून दिला. खाली उतरेपर्यंत ती दिसत राहिली, मग झाडीत गेली.

मीनाला मात्र तानीने सांगितलं होतं, एकदा, भाकऱ्या थापताना. बाबा प्याला नव्हता, त्या साहेबाने स्वतः सांगितलं. मीना म्हणाली, "हां." थोड्या वेळाने म्हणाली, "पन हे आपल्या घरातच ना?" तानी हो म्हणाली. मीनाने तवा खाली घ्यायला चिमटा दिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. जून उजाडल्यावर ती सातवीत गेलीच नाही. आईसोबत जिने पुसायला येऊ लागली.

भाताची लावणी आटोपली आणि कंत्राटदाराचा टेम्पो डोंगराखाली आला. अंबरनाथच्या बाजूला काम होतं, टाक्या साफ करायचं, आठ माणसं हवी होती. करणच्या घरात दाणा नव्हता असं नाही, पण धाकटं पोर आजारी होतं. तो शर्ट घालून निघाला. तानी वाटेत आडवी आली.

"करण, मीटर इचार आधी. नसंल तर उतरू नको. दोर बांधायला सांग, नि वर एक मानूस."

"हे तुला कुनी शिकवलं?"

"त्यानंच. खोलीत."

करणने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याला बहुधा पटलं असावं, की खोलीत काहीतरी बोलणं झालं होतं. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. "इचारलं तर टेम्पोतून खाली उतरवतील, वहिनी," तो म्हणाला. "दुसरा चढंल. रांग हाय खाली."

खालून हॉर्न वाजला. तो धावत उतरला. टेम्पोच्या मागच्या फळीला धरून त्याने एक पाय वर घेतला, कुणीतरी त्याला हात दिला. तानीने मीनाला हाक मारली. सोनिवलीला पोचायला उशीर होत होता.